अर्ध्या गाळणीचा उपयोग काय?

हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे, हजारोंचे थवे चरत असतात. या भागाला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पाहणाऱ्यांचे लक्ष बहुधा या पक्ष्यांच्या रंगाकडे जाते. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र त्यांच्या चोचीत आहे. रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो, जीभ वेगाने मागेपुढे करून पाणी आत ओढतो व बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडांवरील शिंगासारख्या द्रव्याच्या बारीक पट्ट्यांमध्ये अन्न अडकवतो. आपल्या खाडीत त्याच्या दोन जाती येतात. छोट्या रोहिताच्या पट्ट्या इतक्या दाट असतात की तो सूक्ष्म शेवाळही गाळून घेऊ शकतो. मोठ्या रोहिताच्या पट्ट्या त्या मानाने विरळ असतात आणि तो लहान कवचधारी जीव, कीटकांच्या अळ्या असे जरा मोठे अन्न खातो. गाळणी वेगळी, म्हणून अन्न वेगळे, आणि म्हणूनच दोघे एकाच चिखलात शेजारी शेजारी चरू शकतात.

पाण्यातून अन्न गाळून खाण्याची हीच युक्ती पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या सर्वांत अवजड प्राण्यांपैकी एकाने, निळ्या देवमाशाने, वापरली आहे. हे प्राणी आपल्यापासून फार दूरचेही नाहीत. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला निळा देवमासा लागला होता, आणि जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर ब्राइड्स जातीच्या देवमाशाचा मृतदेह आला होता. या दोन्ही जातींच्या जबड्यांत एकही दात नसतो. दातांऐवजी वरच्या जबड्यातून पट्ट्यांची जी झालर खाली लोंबते, तिला बलीन म्हणतात. त्यांचे फार जुने पूर्वज मात्र चांगले दातवाले शिकारी होते. दातवाल्या शिकाऱ्यापासून बिनदाती गाळणाऱ्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हा जीवाश्मशास्त्रातील एक अत्यंत रंगतदार वाद आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यात बरीच नवी साक्ष पुढे आली आहे.

प्रथम बलीन म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे, कारण अनेकांची अशी समजूत असते की बलीन म्हणजे बदललेले दात. तसे ते नाही. दात हे हाडासारख्या कठीण द्रव्याचे असून त्यांच्यावर चकचकीत दंतवल्काचे आवरण असते आणि ते जबड्याच्या खोबणीत रुतलेले असतात. बलीन केराटिनचे असते. आपली नखे, केस आणि गुराढोरांची शिंगे ज्या प्रथिनाची बनतात तेच हे. ते जबड्याच्या हाडात रुतत नाही, तर टाळूवरील हिरडीच्या जाड, जिवंत थरातून उगवते आणि आयुष्यभर वाढत राहते. वरच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला अशा शेकडो उभ्या पट्ट्या एकीमागे एक, थोड्या थोड्या अंतरावर रचलेल्या असतात. पट्टीची जिभेकडची कड सतत घासली जाते, वरचा गुळगुळीत थर झिजतो आणि आतील केसांसारखे तंतू मोकळे होतात. शेजारच्या पट्ट्यांचे तंतू एकमेकांत गुंतून जे जाळे तयार होते, तीच खरी गाळणी. उत्तर ध्रुवाकडील बोहेड देवमाशात ही पट्टी चार मीटरपर्यंत लांब होऊ शकते. निळ्या देवमाशात ती सुमारे एक मीटरचीच असते. त्यामुळे प्राणी जितका मोठा तितकी त्याची गाळणी उंच, असा हिशेब इथे चालत नाही. पट्टीची लांबी ठरते ती खाण्याच्या पद्धतीवरून.

या पद्धती मुख्यतः दोन आहेत. बोहेड आणि राइट व्हेल तोंड उघडे ठेवून संथपणे पोहत राहतात. पाणी समोरून आत शिरते, बलीनमधून दोन्ही बाजूंनी बाहेर पडते आणि बारीक जीव आत साठत जातात. आपल्या कोळीबांधवांचे डोल जाळे साधारण याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की डोल खुंटांना बांधून स्थिर ठेवतात आणि भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते, तर इथे पाणी जागेवर असते आणि जाळेच पोहत पुढे जाते. निळा देवमासा, ब्राइड्स, हंपबॅक यांची रीत निराळी आहे. ते वेगाने अन्नाच्या दाट घोळक्यावर झेप घेतात आणि जबडा आ वासून एका घासात प्रचंड पाणी भरून घेतात. मोठ्या निळ्या देवमाशाच्या बाबतीत ते सुमारे ८० हजार लिटर भरते. हनुवटीपासून बेंबीपर्यंत असलेल्या लांबट घड्या त्या वेळी उलगडतात आणि गळा पिशवीसारखा फुगतो. मग तोंड मिटून ते पाणी बलीनमधून बाहेर लोटले जाते. त्यांचे मुख्य अन्न असलेले क्रिल हे आपल्या जवळ्याचे दूरचे नातेवाईक म्हणता येतील. अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ईशान्य प्रशांत महासागरातील प्रौढ निळा देवमासा चरण्याच्या हंगामात दिवसाला सुमारे १६ टन क्रिल खातो.

एवढी गुंतागुंतीची यंत्रणा हळूहळू कशी घडली असेल, हा प्रश्न नवा नाही. डार्विनचे एक कडवे टीकाकार सेंट जॉर्ज मिव्हर्ट यांनी १८७१ साली तो नेमक्या शब्दांत मांडला. त्यांचे म्हणणे असे की बलीन पुरेसे वाढून उपयोगी पडू लागल्यावर नैसर्गिक निवड त्याला जपेल, हे मान्य; परंतु त्याची अगदी पहिली सुरुवात, जेव्हा त्यातून काहीही गाळले जाणार नाही, ती कोणत्या उपयोगामुळे टिकली? अर्धी गाळणी म्हणजे गाळणीच नव्हे. हा आक्षेप खोडसाळ नव्हता आणि डार्विननेही त्याला उडवून लावले नाही. आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत त्याने त्यावर सविस्तर उत्तर लिहिले आणि त्यासाठी बदकांच्या चोचींचा आधार घेतला. थापट्या हे बदक, जे हिवाळ्यात आपल्याकडच्या पाणथळींतही येते, त्याच्या चोचीत पट्ट्यांची दाट आणि सुबक रांग असते. साध्या बदकात ती विरळ आणि ओबडधोबड असते. कलहंसात त्याच पट्ट्या पाणी गाळण्यापेक्षा गवत खुडायला अधिक वापरल्या जातात. या उत्तरातील कलहंसाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखादा अवयव आज जे काम करतो त्याच कामासाठी तो सुरू झाला असला पाहिजे, असे मिव्हर्ट गृहीत धरत होते, आणि कलहंसाची चोच नेमकी त्या गृहीतकाला धक्का देते. अर्थात देवमाशांच्या बाबतीत डार्विनजवळ तेव्हा केवळ तर्क होता. मधल्या अवस्थेतील प्राण्यांचे जीवाश्म मिळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली.

देवमाशांची कथा सुरू होते ती जमिनीवर, आणि तीही आपल्या उपखंडात. काळाची कल्पना यावी म्हणून ठाण्याच्या आसपासच्या डोंगरांचा विचार करता येईल. येऊर आणि पारसिकचे डोंगर दख्खनच्या लाव्हाचे आहेत. तो लाव्हा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी थंड झाला. पहिले देवमासे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे ज्या डोंगरातून आज रेल्वेगाड्या पारसिकचा बोगदा पार करतात, त्याचा खडक जगातल्या कोणत्याही देवमाशाहून जुना आहे, आणि म्हणूनच त्यात देवमाशाचे हाड सापडण्याची आशा करू नये. त्यासाठी पश्चिमेला कच्छमध्ये किंवा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी जावे लागते, कारण तिथे त्या काळच्या उथळ समुद्राचा आणि नद्यांचा गाळ खडक होऊन राहिला आहे.

जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांमध्ये इंडोह्यूस या छोट्या खुरधारी प्राण्याची हाडे होती. हा प्राणी जेमतेम मांजराएवढा. रंगा राव यांनी त्याचे नामकरण १९७१ साली केले. परंतु त्याचे खरे महत्त्व २००७ साली उघड झाले, जेव्हा हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कानाच्या हाडाची एक कड विलक्षण जाड असल्याचे दाखवून दिले. कानाच्या हाडाची अशी ठेवण तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती. पाकिस्तानातील पॅकिसिटस आणि चालणारा-पोहणारा अँब्युलोसिटस, हिमाचलातील सुबाथू खडकांतील हिमालयासिटस, कच्छमधला लहानखुरा कच्छिसिटस, ज्याचे वर्णन सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० साली केले, हे सगळे पाण्याकडे सरकत गेलेल्या या कुळाचे सदस्य. अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी तर १९७० च्या दशकातच कच्छमधून आदिम देवमाशांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. या सर्वांचे दात शिकार पकडण्याचे आणि चिरण्याचे होते.

चार कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास देवमासे पूर्णपणे सागरी झाले. इजिप्तच्या वाळवंटात वादी अल-हितान येथे त्या काळचे बेसिलोसॉरस आणि डोरुडॉन यांचे सांगाडे उघड्यावर दिसतात. त्यांना छोटेसे, चालायला निरुपयोगी मागचे पायसुद्धा आहेत. बेसिलोसॉरस पंधरा मीटरहून लांब होता आणि त्याच्या दाढा करवतीसारख्या दातेरी होत्या. याच गटाच्या जवळच्या कोणा पूर्वजापासून आजच्या देवमाशांच्या दोन शाखा फुटल्या. एक दातवाल्यांची, जिच्यात डॉल्फिन आणि स्पर्म व्हेल येतात, आणि दुसरी बलीनवाल्यांची. इथे लक्षात ठेवण्याची बाब अशी की बलीनवाल्यांची शाखा फुटली त्या क्षणी तिच्यात बलीन नव्हते. शाखा आधी वेगळी झाली, गाळणी नंतर आली, आणि मधल्या काळात त्या शाखेतल्या प्राण्यांना तोंडभर दात होते.

या शाखेचा सर्वांत जुना निर्विवाद म्हणता येईल असा सदस्य पेरूमध्ये सापडला. मिस्टाकोडॉन असे त्याचे नाव, वय सुमारे ३.६४ कोटी वर्षे, लांबी चार मीटरच्या आसपास. २०१७ साली त्याचे वर्णन करताना ऑलिव्हिए लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी एक वेधक निरीक्षण नोंदवले. त्याचा वरचा जबडा चपटा होता आणि त्याच्या दातांची झीज पाहता तो तळाशी वावरणारी शिकार तोंडाने ओढून घेत असावा असे त्यांना वाटले. ही ओढून घेण्याची गोष्ट पुन्हा येणार आहे.

दुसरा साक्षीदार अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावरचा लॅनोसिटस. त्याचे नाव १९८९ साली जबड्याच्या एका तुकड्यावरून ठेवले गेले होते, पण संपूर्ण कवटीचा अभ्यास इवान फोर्डाइस आणि फेलिक्स मार्क्स यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. हा प्राणी सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा आणि तब्बल आठ मीटर लांबीचा, म्हणजे त्याच्या काळाच्या मानाने अवाढव्य. त्याच्या दाढांना बोटांसारखे अनेक सुळके आहेत. आधीचे अनेक शास्त्रज्ञ म्हणत असत की वरच्या आणि खालच्या दाढांचे हे सुळके मिळून पाणी गाळत असावेत, आणि दातांच्या या गाळणीतूनच पुढे बलीनची गाळणी आली असावी. कल्पना आकर्षक आहे, कारण ती मिव्हर्टच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. गाळण्याचे काम कधी थांबलेच नाही, फक्त गाळणी बदलली. शिवाय अशी दाताची गाळणी निसर्गात खरोखर आहे. अंटार्क्टिकातील क्रॅबईटर सील आपल्या नक्षीदार दाढांमधून क्रिल गाळून खातो.

लॅनोसिटसच्या दातांनी या कल्पनेला साथ दिली नाही. ते एकमेकांपासून लांब लांब होते, त्यामुळे मधल्या फटींतून बारीक जीव सहज निसटले असते, आणि वरखालचे दात एकमेकांवर घासून कात्रीसारखे झिजलेले होते. ही खूण मांस कापण्याची. २०१७ साली आणखी एका गटाने सिंहापासून सीलपर्यंत निरनिराळ्या प्राण्यांच्या दातांची धार त्रिमितीय प्रतिमांवरून मोजली आणि प्राचीन दातवाल्या बलीन-शाखीयांचे दात भूचर शिकाऱ्यांच्या दातांइतके धारदार असल्याचे दाखवले. गाळणाऱ्या सीलचे दात त्या मानाने बोथट असतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण गाळण्यासाठी धार लागत नाही. तरीही दाताच्या गाळणीची बाजू पूर्णपणे निकालात निघालेली नाही. त्याच वर्षी जोनाथन गाइसलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील साउथ कॅरोलिनामधून सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या कोरोनोडॉनचे वर्णन केले आणि त्याच्या मोठ्या, एकमेकांवर किंचित चढलेल्या दाढांमधील खाचा पाणी बाहेर सोडण्यासाठी होत्या असे मत मांडले. मला हा युक्तिवाद एका प्राण्यापुरता शक्य वाटतो. संपूर्ण शाखेचा मार्ग त्यावरून ठरवणे मात्र धाडसाचे होईल.

मग खरे काय झाले असावे? इथे ओढून घेण्याकडे परत यावे लागते. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला एक सोय असते जी जमिनीवरच्या प्राण्याला नसते. तोंड किंचित उघडून जीभ झटकन मागे खेचली की तोंडातील जागा वाढते, पाणी आत धावते आणि त्याबरोबर समोरचा मासाही आत येतो. आजचे अनेक दातवाले देवमासे असेच खातात, आणि अशा जातींमध्ये दातांची संख्या कमी होत गेलेली दिसते, कारण शिकार दाताने धरायचीच नसेल तर दातांची गरज उरत नाही. पण ओढून घेतलेल्या पाण्याचे पुढे काय करायचे? ते गिळून चालत नाही. शिकार आत ठेवून ते बाहेर सोडावे लागते. त्यासाठी ओठ आणि हिरड्या जाड असणे, त्यांनी तोंडाच्या बाजू अडवणे उपयोगी ठरते. लॅनोसिटसच्या टाळूवर रक्तवाहिन्यांच्या ज्या खोबणी आहेत, त्यांचा अर्थ फोर्डाइस आणि मार्क्स यांनी असाच लावला, की त्याच्या हिरड्या मोठ्या आणि भरपूर रक्तपुरवठा असलेल्या होत्या. एकदा शिकार अडवणारी जाड हिरडी आली की तिच्यावर थोडेसे कडक, खरखरीत केराटिन येणे ही मोठी उडी राहत नाही, आणि त्या खरखरीतपणाचा उपयोग पहिल्या दिवसापासून आहे. ती अर्धी गाळणी नसते. ती शिकार निसटू न देणारी पूर्ण कड असते.

ओढून खाण्याच्या टप्प्याला मिळालेला सर्वांत ठळक पुरावा म्हणजे मायाबलीना. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९७० च्या दशकात मिळालेली ही कवटी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दगडात अर्धवट अडकलेली पडून होती. कार्लोस पेरेडो आणि सहकाऱ्यांनी ती सीटी स्कॅन यंत्राखाली घातली आणि २०१८ साली निष्कर्ष जाहीर केला. सुमारे ३.३ कोटी वर्षांपूर्वीच्या, साडेचार मीटरच्या या प्राण्याला दात नव्हतेच, आणि त्याचा अरुंद टाळू पाहता बलीनही नव्हते. दोन्ही नसलेला प्राणी उपाशी मेला नाही, याचा अर्थ तो ओढून खात होता. या शोधावरून त्यांनी क्रम मांडला तो असा, की दात आधी गेले, मग केवळ ओढून खाण्याचा काळ आला आणि बलीन त्यानंतर उगवले.

या क्रमाला सगळे मान्यता देत नाहीत. ओरेगॉनमधलाच सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा एटिओसिटस वेल्टोनाय हा विरुद्ध पक्षाचा मुख्य साक्षीदार आहे. त्याला दात आहेत, आणि दातांच्या आतल्या बाजूला टाळूवर बारीक छिद्रेही आहेत. आजच्या देवमाशांच्या टाळूवर अशीच छिद्रे असतात आणि त्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या बलीनचे पोषण करतात. त्यावरून थॉमस डेमेरे आणि सहकाऱ्यांनी २००८ साली असे प्रतिपादन केले की एटिओसिटसला दात आणि प्रारंभिक बलीन दोन्ही एकाच वेळी होते, आणि एकाने हळूहळू दुसऱ्याची जागा घेतली. २०२२ साली एरिक एकडेल आणि डेमेरे यांनी त्याच कवटीचे स्कॅन करून दाखवले की दातांकडे जाणाऱ्या वाहिन्यांच्या मार्गापासून टाळूकडे जाणारे मार्ग फुटलेले आहेत, आणि हे जाळे आजच्या बलीनधारी देवमाशांशी जुळते. गंमत अशी की त्याच वर्षी पेरेडो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास नेमका उलट मुद्दा घेऊन आला. टाळूवर अशी छिद्रे बलीन नसलेल्या कितीतरी सस्तन प्राण्यांमध्येही असतात, तेव्हा केवळ छिद्रावरून बलीन होते असे म्हणता येणार नाही, असे त्यांनी सांगितले.

हा वाद इतका रेंगाळण्याचे कारण साधे आहे. केराटिन कुजते. हाड आणि दात कोट्यवधी वर्षे टिकतात, परंतु बलीन बहुधा मृत्यूनंतर लवकरच टाळूपासून सुटून नाहीसे होते. पेरूच्या पिस्को खडकांत बलीनसकट सांगाडे मिळाले आहेत, पण ते प्राणी बलीन पूर्ण विकसित झाल्यानंतरचे आहेत. ज्या काळाबद्दल भांडण आहे त्या काळातील बलीनचा प्रत्यक्ष तुकडा समोर नसल्याने सगळा युक्तिवाद हाडावर उमटलेल्या खुणांवरून करावा लागतो.

सुदैवाने हाडांखेरीज आणखी दोन साक्षी आहेत, आणि त्या आजच्या जिवंत प्राण्यांच्या शरीरात आहेत. पहिली गर्भातली. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन जॉफ्रॉय सेंत-इलेर यांनी १८०७ सालीच नोंदवले होते की बलीनधारी देवमाशाच्या गर्भात दातांचे अंकुर असतात. हे अंकुर काही काळ वाढतात आणि जन्मापूर्वीच विरघळून जातात; त्यानंतर टाळूवर बलीनची वाढ सुरू होते. दात आणि बलीन एकाच गर्भात एकापाठोपाठ येतात यातून ते दोन निराळे अवयव आहेत हे स्पष्ट होते. उत्क्रांतीचा इतिहास गर्भात जसाच्या तसा उमटतो असे मात्र मानू नये. गर्भातील क्रम हा इतिहासाचा दाखला असतो, त्याचे चित्रीकरण नसते.

दुसरी साक्ष जनुकांची. दंतवल्क तयार करण्यासाठी काही विशिष्ट जनुके लागतात. आजच्या बलीनधारी देवमाशांच्या पेशींत ही जनुके अजून आहेत, पण मोडलेल्या अवस्थेत. त्यांपैकी एमएमपी२० या जनुकाबद्दल रॉबर्ट मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. या जनुकात बाहेरचा एक डीएनए तुकडा घुसून ते निकामी झाले आहे, आणि आजच्या सगळ्या बलीनधारी कुळांत तो तुकडा नेमक्या त्याच ठिकाणी आहे. निरनिराळ्या कुळांत निरनिराळ्या वेळी हा अपघात तंतोतंत त्याच जागी घडणे जवळजवळ अशक्य. म्हणजे तो त्यांच्या समाईक पूर्वजात एकदाच घडला. आजच्या कुळांच्या वाटा वेगळ्या होण्याआधीच दंतवल्क गेले होते, हे यावरून पक्के होते. दात गेल्याचे हे असे प्रमाणपत्र जीवाश्मांत कधीच मिळाले नसते.

या सगळ्या साक्षी एकत्र ठेवल्या तर दोन पक्षांतील मतभेद वाटतो तितका खोल नाही, असे माझे मत आहे. एका पक्षाच्या मते दात आणि बलीन काही काळ एकत्र नांदले, दुसऱ्याच्या मते मधे रिकामा काळ गेला; पण मधल्या प्राण्यांनी गाळण्याखेरीज दुसरे काहीतरी, बहुधा ओढून खाणे, केले याकडे दोघांचाही कल आहे. शिवाय एकच सरळ रांग शोधण्याचा आग्रह धरणेही चुकीचे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया किनाऱ्यावर मिळालेला जंजुसिटस हा याच शाखेचा, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी आखूड तोंडाचा, मोठ्या डोळ्यांचा आणि दणकट दातांचा शिकारी होता. न्यूझीलंड आणि साउथ कॅरोलिनामध्ये मिळालेले इओमिस्टिसेटिड कुळातले लांब जबड्याचे, बलीनने गाळणारे देवमासे तोपर्यंत समुद्रात वावरतच होते. एकाच काळात एकाच शाखेतले काही नातेवाईक चावत होते, काही ओढत होते आणि काही गाळत होते. आजही ग्रे व्हेल समुद्राच्या तळाशी कुशीवर वळून चिखलातले जीव तोंडात ओढतो आणि मग आपल्या आखूड, राठ बलीनमधून चिखल बाहेर काढतो. म्हणजे ओढणे आणि गाळणे या दोन्ही क्रिया एकाच तोंडात आजही सुखाने चालू आहेत.

गाळणी याच सुमारास का फायद्याची ठरली, हे समुद्राकडे पाहून समजते. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठे हिमथर साचू लागले, दक्षिणेकडील समुद्र थंड झाले आणि त्या खंडाभोवती फिरणाऱ्या प्रवाहाची जडणघडण होत गेली. खोल पाण्यातील पोषक द्रव्ये वर येऊ लागली की सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर जगणारे बारीक जीव दाटीवाटीने वाढतात. एकेका माशाचा पाठलाग करण्यापेक्षा असा घोळका एकदम पकडणे तिथे परवडते.

राक्षसी आकार मात्र याच्याही खूप नंतरचा आहे. ग्रॅहम स्लेटर, जेरेमी गोल्डबोगेन आणि निकोलस पायेन्सन यांनी २०१७ साली नामशेष आणि हयात जातींच्या कवट्यांची मापे घेऊन दाखवले की बलीन आल्यानंतरही दोन कोटींहून अधिक वर्षे बहुतेक बलीनधारी देवमासे मध्यम आकाराचेच राहिले. दहा मीटरहून मोठ्या जातींची चलती गेल्या काही लाख ते पन्नासएक लाख वर्षांतली आहे. हिमयुगांच्या काळात किनाऱ्यालगतचे पोषक पाणी हंगामानुसार आणि ठिकठिकाणी वर येऊ लागले. अन्न विरळ पसरलेले नसून दूरदूरच्या काही जागी, ठरावीक ऋतूत, प्रचंड प्रमाणात मिळत असेल तर ज्याच्या अंगात चरबीचा मोठा साठा मावतो आणि जो हजारो किलोमीटर पोहू शकतो, त्याला लाभ होतो. लहान बलीनधारी जाती याच काळात मोठ्या प्रमाणावर नाहीशा झाल्या.

अशी एक हंगामी जागा आपल्या अरबी समुद्रातही आहे. नैऋत्य मोसमी वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांवरून वाहू लागले की तिथे खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि समुद्र अन्नाने भरून जातो. जगातील बाकी हंपबॅक दरवर्षी थंड समुद्रात खायला आणि उष्ण समुद्रात प्रजननाला जातात. अरबी समुद्रातील हंपबॅकना मात्र खाणे आणि प्रजनन दोन्ही इथेच साधते, त्यामुळे ते ध्रुवाकडे जात नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७० हजार वर्षांपासून इतर हंपबॅकपासून अलग आहे. त्यांची संख्या फार थोडी उरली असून हा समूह संकटग्रस्त मानला जातो. ओमानच्या किनाऱ्याजवळ २०१७ साली उपग्रहाद्वारे मागोवा घेणारे यंत्र लावलेली या समूहातील एक मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडे गेली, तेव्हा हे प्राणी दोन्ही काठांचा वापर करतात याचा थेट पुरावा मिळाला.